माझे अकरा डांब

सासरी येताना मी लिंबोणीचं एक रोप आणलं होतं, आईनं रुजवलेलं. त्याच वर्षी आई गेली. मग नळदुर्गजवळच्या त्या गावात, घरामागच्या एवढ्याशा बागेत, ते वीतभर रोप म्हणजेच माझं माहेर उरलं. आणि गल्लीतल्या शेळ्यांना नेमकं तेच आवडायचं. दोनदा शेंडा खाल्ला, दोनदा फुटला. तिसऱ्यांदा फुटेल याची मला खात्री नव्हती.

कुंपण हवं होतं. यांची नोकरी तुळजापूरच्या शाळेत, त्यामुळे घरी मी आणि सासरे दोघंच. मामंजी निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. त्यांच्या तोंडी कायम एकच शब्द असायचा, सबूर. कुंपणाचे बाभळीचे डांब अंधाऱ्या पाखात, अमावास्येच्या आधी तोडायचे. साल काढायची, महिनाभर पाण्यात ठेवायचे, बुडं जाळावर काळी करायची आणि मग रोवायचे. नाहीतर भुंगा लाकूड पोखरतो आणि वाळवी बूड खाते, असं त्यांचं म्हणणं.

"आणि तोवर शेळ्या उपास धरणार आहेत का, मामंजी?"

"सबूर, सूनबाई. घाईनं रोवलेलं लाकूड फसवतंय."

माझ्या नाकावर तेव्हाही राग आणि आजही. मामंजी चार दिवस सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला गेले, तेवढ्यात मी अकरा डांब आणवले. ओले, सालीसकट, तेही भर पौर्णिमेला तोडलेले. गल्लीतल्या मिस्त्रीचाचांना बोलावलं. हातात पहार घेऊन ते उभेच राहिले.

"बाई, मालकाला इचारलं का?"

"मी सांगते त्यांना. तुम्ही रोवा."

त्यांनी मुकाट्यानं खड्डे घेतले, दगडगोटे घालून डांब पक्के ठोकले, मधे बोराटीच्या काट्या गच्च बांधल्या. संध्याकाळी शेळ्या आल्या आणि बाहेरच उभ्या राहिल्या. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

मामंजी परतले. एकेक डांब बोटानं वाजवून पाहिला. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी पदर खोचूनच उभी होते.

"वळीत रोवल्यात," एवढंच म्हणाले.

"बघा, काही बिघडलं का?"

"न्हाय की."

उन्हाळा लागला तसा डांबांच्या बुडाशी पिवळट भुसा पडू लागला. भुंगा लागला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण चूक कबूल करणं माझ्या अगदी जिवावर यायचं. सकाळी मामंजी आंघोळीला गेले की मी केरसुणी घेऊन बागेत पळायची, भुसा झाडून टाकायची आणि काही न झाल्यासारखी चुलीपाशी येऊन बसायची.

सातव्या महिन्यात मला बाळंतपणासाठी मुरूमला थोरल्या बहिणीकडं धाडलं. गाडीत बसताना मी हमसून हमसून रडले. बायकांना वाटलं, पहिलटकरीण आहे, घाबरली असेल. मला दिसत होतं ते पडलेलं कुंपण, आत शिरलेल्या शेळ्या आणि आईच्या रोपाची उरलेली काडी.

पाच महिन्यांनी मुलीला घेऊन परत आले ती आधी बागेत गेले. डांब ताठ होते. भुसा कुठंच नव्हता. रोप कमरेला लागत होतं. मला भरून आलं.

"या डांबांची साल कुठं गेली, मामंजी?"

"वाळली, गळाली," नातीकडं बघत ते म्हणाले.

पुढं आठ-दहा वर्षं मी शेजारणींना ऐकवत राहिले, पाख-बिख काही नसतं, माझे डांब बघा! मामंजी ओट्यावर बसून मान डोलवायचे. "लाकूड चांगलं मिळालं हिला," म्हणायचे.

लिंबोणी एवढी पसरली की कुंपण बाहेर सरकवावं लागलं. पुन्हा मिस्त्रीचाचाच आले. त्यांनी पहिला डांब उपटला आणि मी बघतच राहिले. बूड काळंकुट्ट होतं, नीट भाजलेलं. मी तर एकही बूड भाजलं नव्हतं.

"चाचा, हा माझा डांब नाही."

"एकबी तुमचा न्हाय, बाई," पहारीवर टेकत चाचा म्हणाले. "तुमी मुरूमला गेल्त्या तवा समदे बदलले. अंधाऱ्या पाखात तोडले, महिनाभर हिरीत ठिवले. मालक सोता जाळापाशी बसून बुडं भाजायचे. मला कसम घातली, तिला कळू द्यायचं न्हाय म्हणून."

मामंजींना तेव्हा नीट दिसत नव्हतं. लिंबोणीखाली बाजेवर बसले होते. मी तो डांब त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बुडावरून अंगठा फिरवला, तो काळा झाला. मी त्यांच्या पायाशी बसले. एवढी माया मला आईनंतर कुणी लावली नव्हती आणि मी मात्र इतकी वर्षं तोरा मिरवला.

"मामंजी, भुंगा लागलाय ते मला तेव्हाच कळलं होतं. तुम्हाला दिसू नये म्हणून तुमच्या आंघोळीच्या वेळी मी रोज भुसा झाडत होते."

"ठावं हाय की," ते म्हणाले. "म्हणून तर लई वेळ आंघोळ करायचो. तुझं झाडून व्हावं म्हणून."