मँगोची दहा ओळींची चौकट

आंब्याची पेटी उघडली की पेंढ्याच्या वासाबरोबर रत्नागिरीच्या आमच्या वृत्तपत्र कचेरीतली एक दुपार आठवते. हापूसच्या पुरवणीची पाने मी लावत होतो. पहिल्या पानावर माझाच चार कॉलमी लेख होता. नव्याने लागलेल्या वार्ताहर मुलीने दहा ओळींची चौकट आणून दिली. भाट्याच्या किनाऱ्यावर भेटलेल्या एका मल्याळी खलाशाला विचारून आणि ग्रंथालयात पडताळून तिने लिहिले होते, की त्यांच्याकडचा ‘मांगा’ हा शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि पुढे इंग्रजांच्या तोंडी तो ‘मँगो’ झाला. माझा जन्म आंब्यांत गेला होता, पण हा शब्द कुठला, असे मी कधी कोणाला विचारले नव्हते. मी तासभर चूक शोधली. ती सापडली नाही, तेव्हा चौकट पानातून काढून टाकली आणि तिथे आंबे पिकत घालण्याच्या सूचना भरल्या. सकाळी ती छापील पान घेऊन माझ्या टेबलाशी आली. “जागा नव्हती काय हो, दादा?” “नव्हती.” तिने माझीच पट्टी उचलून सूचनांवर ठेवली. “माझ्या चौकटीच्याच मापाच्या आहेत की.” एवढे बोलून ती गेली. त्या पुरवणीतला माझा लेख आज मला आठवत नाही. तिच्या दहा ओळी पाठ आहेत.