माहितीपत्रकाची उजवी बाजू

पेपरात दोन ओळींची बातमी आली होती. किरकोळ वादातून भागीदाराकडून भागीदाराचा खून. तो वाद मी माझ्या संगणकावर मांडलेल्या एका कागदावरून झाला. पोलिसांना मी हे सांगितलं नाही. आता कोर्टात माझी साक्ष आहे, आणि तिथे सांगायचं की नाही, हे ठरवायचं होतं.

माझा धाकटा भाऊ आणि त्याचा भागीदार शहराबाहेरच्या शेडमध्ये उसाच्या रसाचे चरक बनवायचे. प्रदर्शनात वाटायला त्यांना माहितीपत्रक हवं होतं. मी शाळेच्या ग्रंथालयात असते, वार्षिक अहवाल वर्डमध्ये मीच मांडते, म्हणून काम माझ्याकडे आलं. पान आडवं घेतलं, तीन रकाने पाडले, समास कमी केले. दोघांचे फोटो अगदी सारख्या मापाचे ठेवले. कोल्हापुरात चौकातल्या डिजिटल फलकावर एखाद्याचा फोटो बोटभर मोठा झाला तरी माणसं बाह्या सरसावतात, हे मला माहीत होतं.

भागीदार बघायला घरी आला. माझ्या खुर्चीमागे उभा राहिला.

"आक्का, माझा फोटो पयला हाय न्हवं?"

"डावीकडून पहिला तुमचाच," मी म्हणाले.

पडद्यावर ते खरं होतं. पण असा कागद दुमडला की उजवा रकाना मुखपृष्ठ होतो आणि डावा आत जातो. उजवीकडे माझा भाऊ होता. मी तो मुद्दामच तिथे ठेवला होता. शेड उभी करताना हाडं झिजवली ती त्याने. भागीदार खूश होऊन चहा पिऊन गेला. मी घडीबद्दल बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुमडलेला गठ्ठा भावाकडे दिला. शेडमध्ये कामगारांनी तो हातोहात घेतला. त्यातला एक हसत भागीदाराला म्हणाला, "मालक, तुमास्नी घडी घालून आत कोंडलंय की!"

सगळे हसले. माझा भाऊही हसला. भागीदाराने चरकाचे बोल्ट आवळायचा मोठा पाना उचलला आणि त्याच्या कानामागे घातला. भाऊ खाली कोसळला. मग पुन्हा घातला, तोंडावर. रुग्णालयात मला त्याची ओळख हातावरच्या भाजल्याच्या डागावरून पटवावी लागली. जबडा जागेवर नव्हता.

समन्स आलं त्या दुपारी मी भावजयीसमोर संगणक उघडला आणि सगळं सांगितलं. तिने कोरा कागद घेऊन स्वतः दुमडून पाहिला. उलगडला. परत दुमडला.

"वन्सं, तुमास्नी ठावं हुतं?"

"हो."

तिने माझ्या कानशिलात मारली. चष्मा भिंतीवर जाऊन फुटला. मग दोन्ही हातांनी माझे केस धरून तिने माझं डोकं टेबलावर आपटलं. ओठ फाटला. मी तिला अडवलं नाही. दमल्यावर ती खाली बसली.

"कोर्टात बोलायचं न्हाय ह्ये," ती धापा टाकत म्हणाली. "त्येचा वकील टपूनच बसलाय. फसवलं म्हणून डोकं फिरलं म्हनंल, आन् सुटंल त्यो भाड्या."

"सुटणार नाही. पहिल्या घावाला काहीतरी कारण म्हणता येईल. दुसऱ्या वेळी माझा भाऊ खाली पडलेला होता."

"तुमचं पुस्तकी ग्यान चुलीत घाला! नवरा माझा गेलाय."

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही.

साक्षीसाठी मी सगळं क्रमाने लिहून काढलं आहे. भागीदाराने काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, काय दडवलं. पाना किती वेळा उचलला, हे शेडमधले कामगार सांगतील. माझा भाग मीच सांगणार आहे. कागद पिशवीत ठेवला आहे. भावजयीला तसा निरोप पाठवला, तेव्हा तिने तो घेऊन येणाऱ्याच्या तोंडावर दार आपटलं.