एका ओळीतल्या दोघी

आमच्या समाजशास्त्राच्या सरांनी त्या सत्रात पाच चाचण्या ऑनलाइन घेतल्या. एकेक चाचणी दहा गुणांची. पन्नासपैकी वीस गुण मिळाले नाहीत तर विषय राहणार, हे त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवलं होतं. प्रत्येकाला एक चाचणी दोनदा सोडवता यायची, कारण आमच्याकडं नेट मध्येच जातं, लाईट जाते. लाईटीपायी कुणाचं नुकसान नको, असं सर म्हणायचे. दोनदा सोडवली तर त्यातले जास्तीचे गुण ग्रेडबुक, म्हणजे संगणकातला गुणांचा तक्ता, आपोआप ठेवून घ्यायचं.

सत्र संपलं तेव्हा सरांनी मला बोलावलं. ग्रेडबुकातून सगळ्यांचे गुण एक्सेलमध्ये उतरवायचे होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऑफिसात द्यायचे होते. सर शिकवतात फार छान, पण एक्सपोर्टचं बटण कुठं असतं ते त्यांना दर वेळी नव्यानं शोधावं लागतं. मी सुट्टीत जवळा बाजारला संगणकाचा कोर्स केला होता, म्हणून माझं नाव पुढं आलं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. अंतर्गत गुण म्हणजे काय हे घरी मलाच समजावून सांगावं लागतं, आणि सांगताना आपण बरोबर सांगतोय का अशी शंका माझ्याच मनात असते. वर्गात उत्तर येत असलं तरी मी हात अर्धाच वर करते. पण संगणकापुढं बसले की तसं होत नाही. तिथं काय करायचं ते मला कळतं.

मी सरांच्या विषयाचं ऑनलाइन पान उघडलं, ग्रेडबुकात गेले, पाचही चाचण्यांवर टिक केली आणि फाइल उतरवली. दोन मिनिटांचं काम. नावं मात्र भलतीच होती. पोरांनी ज्याच्या फोनवरून खातं उघडलं, त्याचं नाव आलं होतं. कुणाचा बाप, कुणाचा मामा, एका खात्यावर तर खताच्या दुकानाचं नाव. कुणाचं खातं कोणतं, ते सरांनी सुरुवातीलाच एका वहीत लिहून घेतलं होतं. ती वही शेजारी ठेवून मी एकेक नाव बदलत गेले. शेवटी मोजलं तर हजेरीपटावर अठ्ठावन्न आणि माझ्या फाइलीत सत्तावन्न.

जिची ओळ नव्हती ती शेवटच्या बाकावर बसायची. कुरुंद्याकडच्या एका गावची सून. लग्नामुळं मधली तीन वर्षं तिचं शिक्षण सुटलं होतं. नणंद आमच्याच वर्गात, म्हणून घरच्यांनी तिलाही सोबत म्हणून पाठवलेलं. सगळा वर्ग तिला वहिनीच म्हणायचा. वर्गात कधी बोलायची नाही. तिची ओळ नाही म्हणजे गुण नाहीत, आणि गुण नाहीत म्हणजे विषय राहिला. एकदा विषय राहिला की घरचे तिला परत पाठवतील, असं कुणालाच वाटलं नसतं.

मी नणंदेला फोन लावला.

"वहिनीनं चाचण्या दिल्याच न्हाईत का?"

"दिल्या की! माझ्याच फोनवरून. म्हंजे दादाच्या फोनवरून."

"एकाच खात्यावर? दोघींनी?"

"मग? दोन चान्स होते, आमी बी दोघी होतो."

मी फोन ठेवला. तिचा हिशोब इतका सरळ होता की त्यात चूक दाखवायलाही वेळ लागला असता.

आता जे केलं ते सांगायला संकोच वाटतो, पण सांगते. नणंदेच्या ओळीत नऊ, आठ, आठ, नऊ, सात, म्हणजे एक्केचाळीस गुण होते. ती ओळ मी कॉपी केली, खाली चिकटवली आणि वहिनीचं नाव लिहिलं. अठ्ठावन्नला अठ्ठावन्न. कुणाचं काहीच बिघडत नव्हतं. सरांनी बघितलं असतं तर सहीसुद्धा केली असती.

पण त्या दोन सारख्या ओळी माझ्याकडंच बघत होत्या असं वाटायला लागलं. यातले गुण कुणाचे, हे मला माहीत नव्हतं. मी ते फक्त लिहिले होते. ती ओळ पुसली आणि सरांकडं जाऊन जे होतं ते सांगितलं. केलेलं आणि पुसलेलंही.

सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "नियमात बसत नाही गं पोरी हे. पण दोघींनी पेपर सोडवलेत, हे बी खरं. कोणता कुणाचा, एवढं शोधून दे. शोधता येईल का?"

"येईल," मी म्हणाले. पूर्ण हात वर करून म्हणावं तसं.

कारण ग्रेडबुक एकच आकडा दाखवत असलं तरी प्रत्येक चाचणीच्या आत सगळे प्रयत्न जपलेले असतात, सुरू केल्याच्या वेळेसकट. मी ते वेगळे उतरवले. पाच चाचण्या, दहा प्रयत्न. प्रत्येक जोडीत एक आकडा मोठा, एक लहान. पण आधी कोण बसलं आणि नंतर कोण, हे संगणकाला माहीत नव्हतं. ते त्या दोघींनाच माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी पहिल्या गाडीनं आल्या. मी तारीख आणि वेळ वाचत होते, सर बाजूला बसून ऐकत होते.

"पहिली चाचणी. एक प्रयत्न दुपारी दोनला, सहा गुण. दुसरा संध्याकाळी सातला, नऊ गुण."

"दुपारची माझी," वहिनी लगेच म्हणाली. "सहा माझे. नऊ ताईचे."

मला ते पटण्यासारखं वाटलं. आम्ही सगळे नणंदेलाच हुशार समजायचो. मी लिहायला घेतलं, तेवढ्यात नणंद उसळली.

"खोटं काहून बोलून राहिली वहिनी? दुपारी दोनला तू हळदीच्या कढईवर व्हतीस! मी तुझी भाकर घेऊन आले, मग घरी जाऊन पेपर दिला. इसरलीस का?"

"तुमालाच इसर पडला, ताई."

"मला? त्या दिवशी तुझा हात भाजला व्हता. संध्याकाळी डाव्या हातानं दाबत व्हतीस फोन."

वहिनीनं उजवा हात पदराखाली घेतला. सरांनी ते बघितलं.

तिसरी सोडली तर बाकी सगळ्या चाचण्यांना असंच झालं. मी वेळ वाचायची, वहिनी लहान आकडा स्वतःकडं ओढायची आणि नणंद तो हिसकावून घ्यायची. गुणांवरून भांडणं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण कमी गुण मलाच हवेत म्हणून भांडणाऱ्या या दोघीच.

"आवो, तेवीस असले तरी मी पास हाय की," वहिनी शेवटी हळूच म्हणाली. "घरी काय सांगायचं? लेकीपेक्षा सुनेला जास्त? आत्याबाईला कसं वाटंल?"

"आईचं मी बघते," नणंद म्हणाली. "मला तिसऱ्यात आठ हायत, ते मी कुणाला देणार न्हाई. बाकीचे मोठे तुझे. लिव्ह गं तू, हिचं ऐकू नको."

तिसऱ्या चाचणीत खरंच आठ नणंदेचे आणि पाच वहिनीचे होते. त्यावर दोघींचं एकमत झालं. मी बेरीज केली. वहिनीला अडतीस, नणंदेला सव्वीस.

नणंदेचे एका सकाळीत पंधरा गुण गेले होते. मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडं काय बघून राहिली? सव्वीस तर सव्वीस. माझेच हायत."

सरांनी दहाही प्रयत्नांचा कागद छापायला सांगितला, कोणता कुणाचा ते प्रत्येकापुढं लिहून दोघींच्या सह्या घेतल्या, खाली स्वतःची केली. "वरून कुणी विचारलं तर मी सांगीन," म्हणाले, आणि पुढच्या सत्राला वहिनीचं वेगळं खातं हवं, असं मला बजावलं. मी फाइल पुन्हा एकदा हजेरीपटाशी लावून बघितली आणि ऑफिसात नेऊन दिली. अठ्ठावन्न ओळी. या वेळी कोणतीही ओळ कुणाची, असं विचारलं असतं तर मी सांगू शकले असते.

परत आले तर दोघी अजून संगणकापाशीच होत्या. नणंद गाडीची घाई करत होती. वहिनी जागची हलली नव्हती.

"एक विचारू का?" ती मला म्हणाली. वर्गात दोन वर्षं तिचा आवाज ऐकला नव्हता. "तिसऱ्यात मला पाचच काहून? मी तर सगळं वाचलं व्हतं."

"वहिनी, गाडी!"

"जाऊ द्या गाडी. दुसरी येती." तिनं खुर्ची ओढून घेतली. "कोणते पाच चुकले, दावता का?"

मी तिसरी चाचणी उघडली.