मी पास केलेलं डिस्प्ले कार्ड

आज ज्याला सगळे ग्राफिक्स कार्ड म्हणतात, त्याला नव्वदच्या दशकात आम्ही डिस्प्ले कार्ड म्हणायचो. साताऱ्यात कुणाला ते घ्यायचं असलं की तो आधी माझ्याकडे यायचा. मी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका छपाईसाठी तयार करायचो आणि स्वभावाने फटकळ होतो. माल भिकार असला तर दुकानदाराच्या तोंडावर सांगायचो, मग त्याने नाक मुरडलं तरी चालेल. त्यामुळे लोक माझ्या शब्दावर डोळे झाकून खरेदी करत, आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

सांगलीत कॉम्प्युटरचं दुकान टाकलेला माझा मित्र मूळचा विट्याचा. हॉस्टेलवर आम्ही एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. त्याच्या घरचे पुरुष दूरदूरच्या शहरांत सोनं गाळायच्या धंद्यात होते. हा एकटाच मागे राहिला, पण घरची रीत तोंडात कायम असायची. सोनं आटवून लगड केली की तिची चिमूटभर कातर, म्हणजे कपटा, काढायची आणि कसाला लावायची. कातर खरी उतरली की अख्खी लगड पास.

एकदा त्याचा फोन आला. स्वस्तातली नवी डिस्प्ले कार्डं आली होती. "गड्या, तुझ्या नजरंखालनं गेल्याबिगर मी काय इकत न्हाई," तो म्हणाला. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला कधीच वेळ लागला नाही. मी एसटीने सांगली गाठली.

त्याने एक कार्ड काढून दिलं. मी आधी ते उलटसुलट करून पाहिलं. मेमरीच्या चिपांसाठी चार जागा होत्या, चारही भरलेल्या. मशीनमध्ये बसवून मी माझा नेहमीचा फोटो उघडला, हळद लागलेल्या नवरीचा. हळदीच्या अंगाचा पिवळा रंग स्वस्त कार्डाला झेपत नाही. गालावर पट्टे उठतात, हनुवटीवर डाग पडतात. या कार्डावर चेहरा मोठ्या पडद्यावरही गुळगुळीत राहिला. मजकूर वरखाली पळवला, तोही अडखळला नाही. "या भावात सोनं आहे," मी म्हणालो. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

थोड्या दिवसांनी उंब्रजचे फोटोवाले काका माझ्याकडे आले. कॉम्प्युटरचा डबा त्यांनी वाकळेत गुंडाळून आणला होता. माझ्या मुंजीपासूनचे सगळे फोटो त्यांनीच काढलेले. जन्मभर त्यांनी बारीक ब्रशने फोटोंवरचे डाग काढले, आणि आता त्यांचा हात कापायला लागला होता. ब्रश धरवत नव्हता. तेच काम कॉम्प्युटरवर जमलं तर स्टुडिओ चालू राहणार होता, नाहीतर कुलूप.

"बघ की रं, नवरीचं त्वांड कसं दिसतंय! मोठ्या पडद्याव घेतलं की खरूज झाल्यावानी हुतंय," ते म्हणाले. "सांगलीचा दुकानदार म्हनला, साताऱ्याच्या तुमच्या मानसानंच पास केलंय. मग म्या फुडं काय इचारलंच न्हाई."

मी डबा उघडला. तीच हिरवी पट्टी, तेच नाव. पण चिपांच्या चार जागांपैकी दोन रिकाम्या. म्हणजे मेमरी निम्मी, मोठ्या पडद्यावर रंग पुरणार कुठून? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कार्ड काढून खिशात घातलं आणि तडक सांगली गाठली.

मित्र जराही चपापला नाही. उलट चहा सांगितला. "आरं, कातर खरी उतरली की लगड पास. आमच्यात आसंच आसतं."

"लगड एका मुशीत आटवलेली असते. ही कार्डं तू कुठल्या मुशीत आटवलीस?"

तो हसला. क्षणभर मला वाटलं, सोनाराचं डोकं कॉम्प्युटरला लावून गडी खरंच फसला असेल. तसंच असावं असं मला फार वाटत होतं. तेवढ्यात काउंटरवरच्या त्याच्या मशीनकडे लक्ष गेलं. पडद्यावर माझीच हळदीची नवरी होती, आणि तिचा गाल लोण्यासारखा. मी मशीन फिरवून मागून पाहिलं, मग झाकण काढलं. चार जागा, चारही भरलेल्या. मी पास केलेलं कार्ड त्याने गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलं होतं, आणि खोक्यातून विकत होता ती दुसरीच.

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. एका ताटात जेवलेल्या माणसाने केसाने गळा कापला होता, आणि त्यासाठी माझीच जीभ वापरली होती. त्याचाच स्क्रूड्रायव्हर उचलून ते कार्ड काढून घेतलं आणि काकांचं काउंटरवर ठेवलं. त्याने अडवलं नाही. "आपल्यात येवढ्यावरनं वाकडं?" एवढंच म्हणाला. एसटी स्टँडवर येईपर्यंत मला रडू आवरलं नाही. त्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढलो नाही.

उंब्रजला जाऊन कार्ड बसवलं. काकांनी कापऱ्या हाताने माउस धरला, नवरीच्या कपाळावरचा एक डाग सावकाश पुसला आणि खुर्चीला टेकले. स्टुडिओ चालू राहिला. माझ्यावर ते कधी रागावले नाहीत, दरवेळी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

पुढे त्यांना प्रिंटर घ्यायचा होता. मी साताऱ्यात एक नीट तपासून आलो आणि म्हणालो, "घ्या काका, चांगला आहे."

त्यांनी माझा कप भरला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आदी हितं आनून दाव, बाळा."