उजवीकडून लिहिलेला तक्ता

तांब्याच्या भांड्यात गरम पाणी ओतायचं आणि दर दोन मिनिटांनी तापमान टिपायचं, एवढाच तो प्रयोग होता. पण वीस मिनिटं एका स्टुलावर बसून पारा उतरताना बघायचा, हे माझ्याच्यानं होणारं काम नव्हतं. माझ्या पायाला भिंगरी होती. आमच्या गावी, आळंदला, आई म्हणायची, हिला जेवायलाही धड बसवत नाही. गुलबर्ग्याच्या कॉलेजात इंटर सायन्सला आम्ही तिघीच मुली, त्यामुळे सगळ्यांचे डोळे आमच्याकडे. त्यानं जीव आणखीच उबगायचा.

प्रयोग घेणारे सर धारवाडकडचे, नुकतेच आलेले. मराठी छान बोलायचे. जर्नल कसं लिहायचं हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आकृती आणि निरीक्षणांचा तक्ता, उजव्या पानावर शाईनं उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. सगळं इंग्रजीत. माझी शाळा मात्र उर्दूत झालेली. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, शिकायची भाषा बदलली, पण हात लगेच थोडाच बदलतो? प्रयोग म्हटलं की माझ्या मनात आधी ‘तजुर्बा’ यायचा आणि मग त्याचं इंग्रजी शोधत बसायचं.

परीक्षेला आठ दिवस राहिले असताना जर्नल परत आलं. सगळीकडे सह्या होत्या, फक्त या प्रयोगाखाली लाल शाई: ‘ठेवलेलं पाणी आपोआप तापत नाही. आकडे कुठून उतरवले?’ माझ्या तोंडचं पाणी पळालं. एक सही कमी असली तरी प्रात्यक्षिकाला बसू देत नव्हते. आणि वडिलांनी, अप्पांनी, सुट्टीतच सांगून ठेवलं होतं, “यंदा परीक्षेला बसली न्हाईस तर पुढचं कॉलेज न्हाई.” अप्पा बोललेलं फिरवत नसत.

मी जर्नल उलटंसुलटं करून पाहिलं. आकडे तर माझेच होते. डोकं चालेना, नुसती व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले. प्रयोगशाळेतले म्हातारे शिपाई उर्दूच्या काळापासूनचे. माझी घालमेल बघून त्यांनी जर्नल मागितलं, तक्ता पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “अक्का, तुम्ही उजवीकडून लिवलाव. सरांना सांगा की.”

खरंच. अक्षरं डावीकडून, पण आडव्या तक्त्यातले आकडे मी उजव्या टोकापासून भरले होते, उर्दू शाळेतल्या सवयीनं. मिनिटं लिहिलीच नव्हती, वर नुसतं ‘दर दोन मिनिटांनी’. डावीकडून वाचणाऱ्याला पाणी तापतच चाललेलं दिसणार.

मी धावतच सरांकडे गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला. उजव्या टोकावर बोट ठेवलं आणि एकेक आकडा वाचत डावीकडे सरकू लागले. आठव्या मिनिटाच्या आकड्यावर बोट थांबलं.

त्या आठव्या मिनिटाला मी भांड्यापाशी नव्हते. खिडकीशी जाऊन गाणगापूरला निघालेली यात्रेकरूंची मोटार बघत होते. परत आले तेव्हा दहा मिनिटं होत आली होती. तक्त्यातलं रिकामं घर दिसायला वाईट, म्हणून मी सहाव्या आणि दहाव्या मिनिटाच्या बरोबर मधला आकडा तिथं लिहून टाकला होता.

“इथं तापमान किती सुरेख उतरलंय बघ,” सर म्हणाले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “सगळे आकडे तू स्वतः पाहिलेस?”

“व्हय, सर.”

त्यांनी लाल शेरा खोडला, खाली सही केली. ती वाळायच्या आत उठून उभे राहिले, माझ्यासारख्या पोरीसमोर, आणि म्हणाले, “मी तुला चोर ठरवलं. चूक माझी. मला माफ कर.”

मी मान डोलावली. जर्नल छातीशी धरून निघाले आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुठंच बसू शकले नाही. परीक्षा दिली, पास झाले, पुढं शिकले. सर पुढच्याच वर्षी बदलून गेले. खोटं बोलल्याची लाज तर वाटतेच. पण त्याहून जास्त लाज वाटते ती त्या माफीची. त्यांनी ती मागितली आणि मी घेतली.