चालू राहिलेला भोंगा

तुमसरच्या एका राइस मिलच्या ऑफिसात मी आठ वर्षं काढली. गेटपास बनवणं, दलालांसाठी तांदळाच्या नमुन्याच्या पुड्या बांधून त्यांवर वाण-प्रतीची चिठ्ठी लावणं आणि भोंग्यावरून गाड्यांना वजनकाट्यावर बोलावणं, ही माझी कामं. शेवटचं काम मला फार आवडायचं. माइकचं बटण दाबून "धानाची गाडी काट्यावर घ्या" म्हटलं की आवारातले सगळे हमाल माना वर करत. घरी माझं कुत्रंही ऐकत नव्हतं.

मिलचा खरा राजा मात्र मशीनवर असायचा. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. धान सोलायच्या मशीनमध्ये रबराचे दोन रोल असतात. ते जास्त आवळले तर तांदूळ मोडून कनकी होते, ढिले ठेवले तर धान न सोलताच बाहेर पडतं. मिस्त्री मशीनचा आवाज ऐकायचे, एक दाणा दाताखाली धरायचे आणि पान्याचा अर्धा फेरा द्यायचे. झालं काम. आमचा तांदूळ अख्खा असतो अशी नागपूरपर्यंत ख्याती होती, ती त्या कानाची आणि त्या दातांची.

शेठजी मनानं वाईट नव्हते. पण कुणाला तोंडावर चांगलं म्हणायचं नाही, हा त्यांचा नेम. माणसं डोक्यावर बसतात म्हणे. त्याऐवजी दर दिवाळीला ते मिलचं नाव छापलेलं भिंतीवरचं घड्याळ द्यायचे. मिस्त्री एकदा मला म्हणाले, "बाबूजी, अकरा घड्याळं झाले घरी. आता एक संडासात लावलं."

मग ऐन हंगामात, गाड्यांची रांग गेटबाहेर गेलेली असताना, मिस्त्रींनी सांगून टाकलं की सोमवारपासून ते गोंदियाकडच्या एका मिलमध्ये चालले. शेठजींच्या पायाखालची जमीन सरकली. पगार वाढवतो म्हणाले. मिस्त्री नाही म्हणाले. "याले आता काय पायजे, मले समजूनच नाही राहिलं," शेठजी माझ्याजवळ कुरकुरले.

चहाच्या वेळी मी मिस्त्रींनाच गाठलं. "काहून जाता?"

"तिकडल्या मालकानं तांदूळ पाह्यला अन् पुसलं, हा हात कोणाचा हाये? इथं अकरा वर्षांत कोणी नाही पुसलं, बाबूजी."

"अहो, शेठजी तुमच्या मागं किती तारीफ करतात!" मी म्हणालो. खरंच करायचे. दलालांशी फोनवर बोलताना त्यांना दुसरा विषय नसे.

"मांगं करून काय फायदा? मेल्यावर त सगळ्याइचीच होते."

मी चहाचा रिकामा ग्लास घेऊन ऑफिसात परतलो.

शनिवारी रोल बदलायला मिल बंद केली होती. मशीन थांबलं की आवारात पाखडणाऱ्या बायकांच्या बांगड्यासुद्धा ऐकू येतात. तेवढ्यात नागपूरच्या दलालाचा फोन आला. मिस्त्री चालले, ही कुणकुण त्याच्यापर्यंत पोचली होती. शेठजी नेहमीसारखे माझ्या टेबलाशी उभे राहून मोठमोठ्यानं बोलू लागले. समोर माइक. काचेचं दार बंद, एसी चालू, बाहेरचं आत काही ऐकू येत नव्हतं. माझं बोट बटणावर कसं गेलं, ते मला विचारू नका. सवयीचं बोट होतं.

"असा कान पुऱ्या जिल्ह्यात कोणाचा नाही," बाहेर भोंगा सांगू लागला. "मशीनच्या आवाजावरून सांगते कनकी किती पडली. मिल माह्या बापानं टाकली, पण नाव यानंच कमावलं. हा गेला त मी काय, गेटवर खुर्ची टाकून बसीन!"

काचेतून सगळं दिसत होतं. एक हमाल पाठीवरचं पोतं तसंच घेऊन उभा राहिला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी कान टवकारून बसलो होतो, की ओघात माझ्याबद्दलही दोन शब्द निघतील. शेठजींनी फोन ठेवला.

दार उघडलं. दारात मिस्त्री, हातात पाना, कोपरापर्यंत ग्रीस.

"शेठजी, मशीनच्या खाली होतो. शेवटलं नीट ऐकू नाही आलं. अखीन एकदा सांगा."

शेठजींनी माइकचा लाल दिवा पाहिला, मग मला पाहिलं. मी गेटपासच्या पुस्तकात तोंड खुपसलं. त्यांनी टेबलावरच्या नमुन्याच्या पुड्या उगाच सरळ केल्या. मग छताकडे बघत म्हणाले, "तुझ्यासारखा माणूस मले भेटणार नाही. जाऊ नको."

"आता बराबर ऐकू आलं," म्हणत मिस्त्री रोल बसवायला गेले. सोमवारी त्यांची सायकल आमच्याच गेटवर होती.

मला वाटलं, माझी नोकरी गेली. शेठजी एवढंच म्हणाले, "बटण पाहत जा." पण त्या दिवसापासून दलालाचा फोन आला की ते उठून आतल्या खोलीत जात आणि दार लावून घेत.

दोन वर्षांनी नोकरी मीच सोडली. वरठीला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये जागा मिळाली. शेठजींनी कारण विचारलं, तेव्हा घरापासून जवळ पडतं म्हणालो. साफ खोटं. आठ वर्षांत माझ्या कामाला कुणी एकदाही बरं म्हटलं नव्हतं, हे सांगायची मला लाज वाटली.

नव्या नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात नागपूरच्या त्याच दलालाचा फोन आला. "काय हो, पुड्या आता कशाही येऊन राहिल्या. तुमचे शेठ त म्हणायचे, माह्या बाबूच्या चिठ्ठीवर तांदूळ न पाहता सौदा करा."

"कधी म्हणायचे?"

"गेली दोन वर्षं, दर फोनवर."

मला रागही आला आणि रडूही. त्यातलं एक वाक्य जरी त्या बंद दारातून बाहेर आलं असतं, तरी मी आजही तिथं बसून पुड्या बांधत असतो.