बिनचेनची गाडी

गाडी वॉरंटीत बसत नाही, असं काउंटरवरच्या मुलीने हसतमुखाने सांगितलं आणि उन्मेष परबच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाही म्हटल्याचा एवढा राग नव्हता, जेवढा त्या हसण्याचा होता. त्याने काउंटरवर अशी थाप मारली की शेजारच्या डबीतली शोरूमची पेनं खाली सांडली.

उन्मेषचा राग काळाचौकीत सगळ्यांच्या ओळखीचा होता, आणि सोयीचाही. नळाला पाणी कमी आलं की चाळ वॉर्ड ऑफिसात त्यालाच पाठवी. मंडळाच्या मीटिंगमध्ये कुणाला खडसावून विचारायचं असलं की लोक त्याला पुढच्या रांगेत बसवून स्वतः मागे जाऊन बसत. परक्याचं भांडणही तो घरचं कार्य असल्यासारखं अंगावर घेई.

हा राग आला कुठून, तर बापाकडून. पण उलट्या वाटेने. वडील भिवा परब, चाळीचे भिवाअण्णा, गिरणीत साचेखात्यात ऑइलर होते. लांब चोचीची कुपी घेऊन दिवसभर यंत्रांना तेल पाजायचं, हे त्यांचं काम. संपानंतर गिरणी रडतखडत चालू झाली आणि मग कायमची बंद पडली, तेव्हा अण्णा गेटवर वॉचमनपुढे हात जोडून उभे राहायचे. छोटा उन्मेष त्यांचं बोट धरून बाजूला उभा असायचा. वॉचमन 'उद्या या' म्हणायचा, अण्णा 'बरां' म्हणून मागे फिरायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत जायचे. त्यांना राग यायचाच नाही. तेव्हाच पोराने मनात गाठ मारली की आपण जन्मात कुणापुढे हात जोडायचे नाहीत. बापाच्या वाटणीचा रागही त्याने आपल्याच नावावर करून घेतला म्हणा ना.

मोठेपणी तो परळच्या एका इस्पितळात एक्स-रे काढू लागला. लग्न झालं. दर्शना गिरगावची, हाताला इतकी सफाई की तिने शिवलेल्या ब्लाउजसाठी दादरहून बायका चाळीचे जिने चढून येत. आणि पन्नाशी जवळ आल्यावर उन्मेषने आयुष्यातली एकुलती एक चैन केली. परदेशी कंपनीची जाडजूड मोटरसायकल घेतली. शोरूमच्या पोराने तिची कौतुकं सांगितली होती. या गाडीला चेन नाही, इंजिनातून मागच्या चाकापर्यंत पोलादी दांडा जातो, शाफ्ट म्हणतात त्याला. दांड्याच्या टोकाचे दाते बंद डब्यात, तेलात बुडालेले. चेनला तेल घालायची कटकट नाही, ताणायची कटकट नाही. फक्त बसा आणि चालवा. मग शोरूमवाल्यांनीच गाडीला हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. अण्णा हे सगळं डोळे भरून बघत होते. कंपनी परदेशी असली तरी माणसं रीत जाणणारी आहेत, असं त्यांनी घरी येऊन चार जणांना सांगितलं.

भाऊबीजेला त्याच गाडीने घात केला. दर्शनाला मागे बसवून उन्मेष तिच्या माहेरी निघाला होता. फराळाचा डबा तिच्या मांडीवर. चिंचपोकळीचा पूल उतरताना पुढे बस होती, म्हणून गाडी रांगतच चालली होती. अचानक मागून कर्रकन आवाज आला आणि मागचं चाक जागच्या जागी आवळलं. गाडी आडवी झाली. चकल्या रस्ताभर पसरल्या आणि दर्शना उजव्या हातावर पडली.

तिचा हात प्लेटवर ठेवून एक्स-रे उन्मेषनेच काढला. दुसऱ्या कुणाला त्याने हात लावू दिला नाही. पडद्यावर मनगटाची हाडं उमटली तेव्हा डॉक्टरांनी सांगायच्या आधीच त्याला कळलं की हा हात पुन्हा पहिल्यासारखा सुई धरणार नाही.

दर्शनाचा भाऊ इस्पितळात आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला की एवढी मोठी गाडी हातात आल्यावर माणूस ती भरधाव सोडणारच. उन्मेष त्याच्या अंगावर धावून गेला. गाडी हळू होती, दर्शनाला विचार, असं तो ओरडत राहिला. दर्शनाने डोळे मिटून घेतले. पुढेही तिने त्याला कधी दोष दिला नाही. पण तुझी चूक नव्हती, असंही म्हटलं नाही. ती त्याच्या पाठीमागे बसलेली, तिला काय दिसणार? हे मौन उन्मेषला आतून पोखरत होतं. गाडी दुरुस्त होवो न होवो, त्याला आता एकच हवं होतं. कंपनीने कबूल करावं की दोष आमच्या गाडीचा, चालवणाऱ्याचा नाही. ते तो दर्शनापुढे नेऊन ठेवणार होता.

कंपनी कबूल करते कसली! आधी म्हणाले, तुम्ही पाण्यातून गाडी घातलीत. दिवाळीत कुठलं पाणी? मग म्हणाले, वजन जास्त झालं. दर्शना आणि चकल्या, हे वजन! उन्मेषने फोनवर असे शब्द वापरले की पलीकडच्या माणसाने फोन ठेवला. चोर तो चोर, वर शिरजोर. प्रत्येक वेळी नवीन माणूस, नवीन कारण, आणि ते हसणं मात्र तेच. एकदा त्यांनी गोड आवाजात सांगितलं की वॉरंटीत नाही, पण गुडविल म्हणून फुकट दुरुस्त करून देऊ. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. उन्मेष म्हणाला, भीक नको, चूक कबूल करा. चाळीतल्यांनी कपाळावर हात मारला.

मग आलं तिसरं कारण. कंपनीने डबा उघडून पाहिला आणि कळवलं की मागचा बोल्ट बाहेरच्या कुणीतरी खोललेला आहे. आत आमचं तेल नाहीच, कसलं तरी पातळ तेल तोंडापर्यंत भरलंय. त्यानेच सील फुटलं, तेल बाहेर गेलं, दाते कोरडे पडून जळले आणि चाक आवळलं.

हे ऐकून उन्मेष घरात पिसाळल्यासारखा फिरला. गाडी चाळीच्या चौकात असते, अण्णांच्या खुर्चीच्या बरोब्बर खाली. अण्णा सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गॅलरीत बसलेले. गाडीवर कावळा बसला तरी त्यांना कळतं, मग बोल्ट खोलणारा आला कुठून? खोटं बोलायला लाज कशी वाटत नाही यांना? साक्षीदार हवाय ना, साक्षीदारच आणतो. त्याने अण्णांना धुतलेला सदरा घालायला लावला. अण्णा, फक्त एवढं सांगायचं की गाडीला कोणी हात लावला नाही. तेलाचं, सीलचं काही त्याने त्यांना सांगितलंच नाही. अण्णा खूश झाले. मुलाच्या कामाला ते बऱ्याच वर्षांनी येत होते.

सर्व्हिस सेंटर लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या जागेवर, काचेच्या टॉवरच्या तळाशी. वॉरंटीचा मोठा साहेब खास उन्मेषसाठी आला होता, कारण खालच्या सगळ्यांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. उन्मेषने बसायच्या आधीच तोंड सोडलं. इतके महिने तुम्ही मला मूर्ख बनवताय, पाणी म्हणता, वजन म्हणता, आता कुणी बोल्ट खोलला म्हणता. हे माझे वडील. गाडीवर यांची नजर असते. विचारा यांना.

साहेबाने कंटाळून अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी सवयीने हात जोडले. उन्मेषने ते हात धरून खाली केले.

"कोणी हात लावूक नाय साहेबानू," अण्णा म्हणाले. "मी थंयच बसलेलो असतंय. दसऱ्याक मी तेल घातलंय, तितक्याच."

उन्मेषला आधी नीट कळलंच नाही. अण्णा मात्र रंगात आले होते. गिरणीत दसऱ्याला एकही यंत्र कोरडं राहत नसे. धुऊन, पुसून, तेल घालून मगच हार. सुनेच्या शिलाई मशीनला तेल घातलं, पंख्याला घातलं. उन्मेष ड्यूटीवर होता, म्हणून त्याची गाडीही धुतली.

"चेन शोधलंय, तर चेनच नाय. म्हटलंय, मशीन उपाशी कसा ठेवचा सणाक? मागे बोल्ट गावलो, तो खोललंय आणि गच्च भरलंय. पोराक सांगूक नाय, त्येका कामाचो ताप."

दोन खेपा खोटं बोलून कंपनी तिसऱ्या खेपेला खरं बोलली होती. आणि उन्मेषचं तर हात दाखवून अवलक्षण झालं. दसऱ्याच्या संध्याकाळी घरी आल्यावर झेंडू माळलेली लखलखीत गाडी बघून त्याने अण्णांच्या पाठीवर थाप मारली होती. आता त्याला अण्णांचा असा राग आला की कानशिलं तापली. कोणी सांगितलं होतं तुम्हाला? गिरणी गेली, खातं गेलं, ती कुपी का नाही गेली? दर्शनाचा हात मोडला तुमच्या त्या सणापायी. हे सगळं त्याच्या ओठांपर्यंत आलं.

साहेब खुर्चीत पुढे सरकला. त्याचा चेहरा उजळला होता.

"देखिए, यही तो हम बोल रहे थे। अंकल, आपने जो तेल डाला ना, उसी से—"

"ए, गप!" उन्मेष ओरडला. अख्खं सर्व्हिस सेंटर वळून बघायला लागलं. "त्यांच्याशी नाही बोलायचं. माझ्याशी बोल. तेलाचा काही संबंध नाही. मी गाडी जोरात चालवत होतो. उतारावर जोरात होती. चूक माझी. लिहून घे."

साहेब गोंधळला. पण आयती कबुली कोण सोडतो? त्याने कागद पुढे केला. उन्मेषने सही इतक्या दाबून केली की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. सही करताना अण्णा आपल्याकडे बघताहेत, हे त्याला मान वर न करताच कळत होतं. गुडविलचं काय करायचं, असं साहेबाने हळूच विचारलं. उन्मेष अण्णांना घेऊन दाराकडे चालू लागला.

बाहेर पडल्यावर अण्णा फुटपाथवर थांबले. ज्या माणसाला गिरणी बंद करणाऱ्यांचा राग आला नव्हता, तो आज मुलावर कडाडला.

"इतक्या जोरात कित्याक चालवतस? सुनेचो हात मोडून ठेवलंस, आणि शिव्या त्या कंपनीवाल्यांका? लाज नाय वाटली?"

उन्मेष मान खाली घालून ऐकत राहिला. टॅक्सीत ऐकलं, चौकात ऐकलं, जिन्यावर ऐकलं. प्रत्येक मजल्यावरचं कोणी ना कोणी दारात आलं आणि अण्णांनी प्रत्येकाला सांगितलं की पोराने स्वतः कबूल केलं. आजवर ज्यांच्यासाठी तो भांडला होता, ती माणसं त्याच्याकडे बघून आत गेली.

दर्शना दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. 

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि जाऊन मशीनवर बसली. डाव्या हाताने ती चाक फिरवू लागली. मशीन अडत होतं.

"अण्णा, जरा बघता का? फार जड चालतंय."

अण्णांचा राग क्षणात निवळला. फळीवरून त्यांनी लांब चोचीची कुपी काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली. तेल नसलं की मशीन रडतं, असं काहीसं पुटपुटत ते मशीनपाशी वाकले. त्यांचे हात आता कापतात, भोक पटकन सापडत नाही. उन्मेष दात आवळून कुपीच्या चोचीकडे बघत होता. मग तो पुढे गेला आणि मशीन तिरकं करून धरलं, अण्णांना तेल घालायला सोपं जावं म्हणून.